नॉर्मल सोनोग्राफी आणि पिशवीचं तोंड

अंगावरून जातंय म्हणून लोणी भापकरची बाई बारामतीला जाऊन सोनोग्राफी करते. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात. गर्भपिशवी चांगली आहे, म्हणजे कॅन्सरची काळजी मिटली. ती खरं तर मिटलेली नसते.

सोनोग्राफीला आकार कळतो: गाठ, साठलेलं पाणी, अस्तराची जाडी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर गाठीपासून सुरू होत नाही. एचपीव्ही विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की तोंडावरच्या पातळ आवरणातल्या पेशी बिघडू लागतात. त्या बिघाडाला ना जाडी, ना उंचवटा. पडद्यावर तो उमटणार कुठून? तो पाहायचा तर तोंडच तपासावं लागतं. कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने किमान दहावी शिकलेल्या कार्यकर्तींच्या हाती ही तपासणी दिली, तर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं.

अंडाशयाची गाठ सोनोग्राफीत दिसते, हे खरं. म्हणून ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायकांना अभ्यासात घेतलं आणि काहींची दरवर्षी सोनोग्राफी केली. २०२१ साली निकाल आला: त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. सोनोग्राफीचं मोल आहे ते तक्रार असताना. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ती आधी करावी. अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

उलट बाजूचं नुकसान मला जास्त सलतं. २०१९ च्या पाहणीत बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सर होईल अशी भीती त्यांतल्या कित्येकींना घातलेली होती. मराठवाड्यातल्या अशा ऊसतोड टोळ्या आपल्याकडे सोमेश्वर, माळेगाव कारखान्यांच्या उसालाही येतात. अंडाशयातली साधी पाण्याची गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. तिच्यासाठी पिशवी गमवायची नसते.

तिशी ओलांडलेल्या बाईसाठी पिशवीच्या तोंडाची ही ॲसेटिक ॲसिडची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, दर पाच वर्षांनी. आशाताईंना विचारावं, आपल्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी असते.