पात्र

शुभवर्तमानात परुश्यांना उद्देशून जो अत्यंत कठोर शब्द येतो आणि ज्याचे आपण ‘ढोंगी’ असे भाषांतर करतो, तो मुळात शिवीचा शब्द नव्हे. ग्रीक भाषेत ‘हिपोक्रितेस’ म्हणजे नट. मुखवटा चढवून दुसऱ्याची वाक्ये बोलणारा. आश्चर्य असे की, ख्रिस्तसभेने आपल्या परमपवित्र रहस्यासाठी जो शब्द निवडला तोही रंगभूमीवरूनच उचललेला आहे. लॅटिनमधील ‘पेर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा आणि त्यावरून त्याची भूमिका. तेर्तुल्लियनने हा शब्द त्रैक्याच्या विवेचनात वापरला आणि पुढे एक देव, तीन व्यक्ती असे आपण म्हणू लागलो. धर्मगुरू मिस्साबली अर्पण करतो किंवा पापांची क्षमा देतो, तेव्हा तो ‘इन पेर्सोना ख्रिस्ती’, म्हणजे ख्रिस्ताच्या ठायी उभा राहून बोलतो, असे धर्मशास्त्र सांगते. एकाच रंगमंचावरून एक शब्द निंदेसाठी आला आणि दुसरा वंदनेसाठी. पांढरा झगा घालून लोकांसमोर उभा राहणारा माझ्यासारखा माणूस ह्या दोहोंपैकी कोणत्या शब्दाचा धनी आहे, हा प्रश्न सेमिनरीत असताना मला कधी पडला नाही. तो पुढे पडला, आणि त्याला निमित्त झाले एक नाटक व एक म्हातारा शेजारी.

नाटक गाब्रिएल मार्सेल ह्यांचे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात मार्सेल आम्ही शिकलो ते सार्त्रच्या समोर उभा करायचा श्रद्धावान तत्त्वज्ञ म्हणून, आणि खरे सांगायचे तर परीक्षेपुरते. १८८९ साली पॅरिसमध्ये जन्म, १९७३ साली मृत्यू, ‘समस्या’ आणि ‘रहस्य’ ह्यांतील भेद, एवढे लिहिले की गुण मिळत. ते आयुष्यभर नाटके लिहीत होते आणि आपले तत्त्वज्ञान नाटकांपासून वेगळे काढता येणार नाही असे मानत होते, ही गोष्ट त्या टिपणांत कोठेतरी तळाशी होती. ‘ख्रिस्ती अस्तित्ववादी’ हे लेबल त्यांना स्वतःला आवडत नसे, हे तर मला फार उशिरा कळले.

ज्या नाटकाविषयी मी लिहीत आहे ते १९२५ साली प्रसिद्ध झाले. फ्रेंच शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘देवाचा माणूस’. मराठीत आपण सहज ‘देवमाणूस’ म्हणू, आणि त्या शब्दातला भाबड्या कौतुकाचा सूर ह्या नाटकाला नेमका शोभतो. नायक क्लोद लमवान हा पॅरिसमधील एका प्रॉटेस्टंट मंडळीचा पाळक आहे. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्याची पत्नी एदमे हिचे एका परपुरुषाशी संबंध होते. तिने ते क्लोदजवळ कबूल केले. त्याने तिला क्षमा केली आणि ओस्मोंद ही आपल्या रक्ताची मुलगी नाही हे ठाऊक असूनही तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. ह्या गोष्टीला वीस वर्षे लोटली. आता तो पुरुष, मिशेल सांदिए, मरणाच्या वाटेवर असताना परत येतो. त्याला एकदा आपली मुलगी पाहायची आहे. क्लोद त्याला घरी येऊ देण्यास तयार होतो, आणि तेही फारसे आढेवेढे न घेता.

सारे नाटक ह्या आढेवेढे न घेण्यात आहे. आपण असतो तर क्लोदची वाहवा केली असती. प्रवचनात दाखला म्हणून सांगितला असता. एदमे मात्र हादरते. ज्याने आपले घर मोडायला घेतले होते त्याला नवरा इतक्या शांतपणे दार उघडतो, तर मग वीस वर्षांपूर्वीच्या त्या क्षमेची त्याला किंमत तरी काय पडली होती? त्याने क्षमा केली ती पत्नीवरील प्रेमाने, की पाळकाने क्षमा करायची असते म्हणून? आणखी एक गोष्ट उघड होते. त्या दिवसांत क्लोद स्वतःच्या पाचारणाविषयीच साशंक झाला होता, आणि पत्नीला क्षमा केल्याने त्याला आपले बळ परत मिळाले होते. म्हणजे तिचे पाप त्याच्या आध्यात्मिक उन्नतीची पायरी ठरले. जिला क्षमा मिळाली तिला जर असे वाटू लागले, तर ती क्षमा अपमानाहून निराळी कशी?

मार्सेल इतर कोणालाही सुखाने सोडत नाहीत. एदमेने पाप कबूल केले ते पश्चात्तापाने, की मिशेलबरोबर निघून जाण्याचे धाडस नव्हते म्हणून, हाही प्रश्न पुढे येतो आणि तो मिशेलच विचारतो. सत्य कळल्यावर ओस्मोंद घराबाहेरची वाट धरते. क्लोदच्या हाती उरते ते फक्त लोकांचे कौतुक. मंडळीतील माणसे त्याला मानतात, आणि ते मानणेच त्याला असह्य होते. शेवटी त्याची एकच तळमळ उरते, आपल्याला कोणीतरी आपण जसे आहोत तसे ओळखावे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातला शेवटचा भाग ज्यांना पाठ आहे, त्यांना ही तळमळ कोठून आली हे सांगायला नको. हे नाटक लिहिले तेव्हा मार्सेल ख्रिस्ती नव्हते. १९२९ साली फ्रांस्वा मोरियाक ह्या कॅथलिक कादंबरीकाराने त्यांना पत्र लिहून, तुम्ही आमच्यात का नाही, असे विचारले आणि त्याच वर्षी २३ मार्चला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवमाणसाचे दुखणे त्यांनी देवळाबाहेर उभे राहून पाहिले होते. कदाचित म्हणूनच इतके स्वच्छ पाहिले.

आता शेजाऱ्याविषयी. आमची गावी एक लहानशी वाडी होती. शेजारच्यांनी वर्षानुवर्षे थोडाथोडा करून आमचा बांध कोरला. वडील भांडणारे नव्हते. तलाठ्याकडे दोन-तीनदा जाऊन आले, मोजणी मागवण्याइतका पैसा नव्हता, आणि दोन घरांचे बोलणेचालणे बंद झाले ते वडिलांच्या मरणापर्यंत. अंत्यविधीच्या दिवशी शेजारी फाटकापर्यंत आले, आत आले नाहीत. मी तेव्हा सेमिनरीत होतो. पुढे गुरुदीक्षा झाली, गावात पहिली मिस्सा झाली, आणि त्याच संध्याकाळी मी आपण होऊन त्यांच्या घरी गेलो, त्यांचे हात हातात घेतले, घराला आशीर्वाद दिला. गावात त्याचे फार कौतुक झाले. मलाही बरे वाटले. आज मागे वळून पाहताना जाणवते की, जरा जास्तच बरे वाटले.

वीस-बावीस वर्षांनी एकदा मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “फादर, तुम्ही मला क्षमा केली, बरं केलंत. पण ती फादरनी केली.” मग थोडे थांबून, लहानपणी हाक मारीत त्या आवाजात विचारले, “माझ्या शेजाऱ्याच्या पोरानं केली काय रे?”

मी उत्तर दिले. क्षमा ही भावना नसून संकल्प आहे, मनाला काय वाटते ह्यावर ती अवलंबून नसते, असे मी सांगितले. हे धर्मशिक्षण अगदी बरोबर आहे, आजही मी ते शिकवतो. प्रवचनाला लोक मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

त्या रात्री मला क्लोद लमवान आठवला.

ख्रिस्तसभेने ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे, आणि ते मोलाचे आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीयांचे म्हणणे असे की, छळाच्या काळात श्रद्धेपासून ढळलेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार खरे नव्हेत. संत अगस्तीन ह्यांनी त्यांना निक्षून सांगितले की संस्कार ख्रिस्ताचा असतो. देणारा हात मळका असला म्हणून संस्कार मळत नाही. हे नसते तर पापनिवेदनाच्या पेटीत बसण्याचे धैर्य आम्हाला झालेच नसते, आणि पलीकडे गुडघे टेकणाऱ्याला रात्री झोप लागली नसती. परंतु पेटीतली क्षमा ख्रिस्ताची असते. बांधावरची क्षमा माझी असावी लागते. तिथे मी ख्रिस्ताच्या मागे लपू लागलो तर तो झगा झगा राहत नाही, पडदा होतो. क्लोदची चूक हीच होती की त्याने स्वयंपाकघरातही पाळकाचीच भूमिका वठवली.

मग खरेपणा शोधायचा कसा? आजकाल सर्वत्र सल्ला मिळतो की, आत डोकावून पाहा, मनापासून वाटले तेच खरे. मार्सेल ह्या सल्ल्याला फसत नाहीत. त्यांनी ‘असणे आणि बाळगणे’ ह्या १९३५ सालच्या पुस्तकात एक साधा अनुभव तपासला आहे. आजारी मित्राला आपण भेटायला जातो, त्याची दशा पाहून मन भरून येते, आणि पुन्हा येईन असे वचन देतो. काही दिवसांनी तो उमाळा ओसरलेला असतो. आता गेलो तर ते नाटक, न गेलो तर वचनभंग. मार्सेल म्हणतात की, वचन त्या उमाळ्याच्या जोरावर दिलेलेच नव्हते. ते एका माणसाला दिलेले होते, आणि ते पाळायचे बळ केवळ माझ्यातून येत नाही. माझ्याहून मोठ्या कोणावर तरी विसंबूनच मी वचन देऊ शकतो. उमाळा नसताना गेलो म्हणून मी ढोंगी होत नाही. मात्र जाऊन त्या माणसाऐवजी स्वतःच्या कर्तव्यदक्षतेकडे पाहत बसलो, तर होतो.

पहिल्या महायुद्धात मार्सेल रेडक्रॉसच्या एका कार्यालयात बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत. पुढ्यात माहितीची कार्डे, आणि टेबलापलीकडे कोणाची आई, कोणाची पत्नी. कार्डावर जे लिहिता येते ते आणि समोर जो बसला आहे तो, ह्यांतले अंतर त्यांना तिथे कळले. पुढे ‘सान्निध्य’ ह्या कल्पनेवर त्यांनी जे लिहिले त्याचे मूळ त्या टेबलाशी आहे. क्लोदने एदमेला क्षमा केली, पण तिच्या सान्निध्यात तो नव्हता. मी शेजाऱ्याच्या घरी गेलो, पण पोहोचलो नव्हतो.

आपल्या मराठीत ‘पात्र’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नाटकातली भूमिका ते पात्र, ज्यात काही ओततात ते भांडे म्हणजे पात्र, आणि जो योग्य तोही पात्र. संत पौलाला प्रभूने आपले निवडलेले पात्र म्हटले. पौलाने स्वतःला मातीचे भांडे म्हटले. आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण सारे, धर्मगुरूसह, आपण पात्र नाही असे म्हणतो आणि पुढे होतो. भूमिका मिळाली म्हणून योग्यता येत नाही. भांडे मात्र रिकामे लागते, आणि मी त्या संध्याकाळी स्वतःच्या उदारपणाने काठोकाठ भरलेला होतो.

प्रायश्चित्तकाळातल्या एका सोमवारी मी पुन्हा गेलो, साधा सदरा घालून. म्हटले, “काका, तेव्हा मी क्षमा केली नव्हती. मला राग आलाच नव्हता, तर क्षमा कशाची करणार?” ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन उठले आणि मला बांधाकडे घेऊन गेले. काठीचे टोक जमिनीवर टेकवून म्हणाले, “इथवर तुमचं होतं.” जागा जेमतेम दीड हात रुंद असेल. सकाळच्या मिस्सेहून परतताना वडील तिथे थांबून काय पाहत असत ते मला त्या क्षणी कळले, आणि माझ्या कानशिलांत रक्त चढले. इतक्या वर्षांत प्रथमच. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. “आता आलास,” ते म्हणाले.

आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो. ऊन वाढले, त्यांना चालवेना, तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणले. निघताना पुढच्या सोमवारी येतो म्हणालो. गेलो तेव्हा मनात विशेष असे काहीच नव्हते. ते ओटीवर बसून होते. मला पाहून त्यांनी आत चहा टाकायला सांगितले.