कसर, जंग आणि चोर



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हाला भेटायला आले. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत; नाव मात्र देत नाही. नोकरीतून निवृत्त झालेले, रविवारची पहिली मिस्सा सहसा न चुकवणारे. वडिलांपासून चालत आलेला टपाल तिकिटांचा आणि जुन्या नाण्यांचा संग्रह त्यांच्या घरी आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेला महात्मा गांधींच्या चार तिकिटांचा संच त्यात आहे. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाला आज संग्राहक चांगली किंमत मोजतात. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तेव्हा या गृहस्थांनी सगळे आल्बम पोटमाळ्यावर चढवले आणि रात्र जागून काढली.

आता मुलाने संग्रहाचा विमा उतरवायचे सुचवले आहे. त्यांनी विचारले, "फादर, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे प्रभूने सांगितले आहे. मी साठवली ती साठवली, वर तिचा विमाही उतरवायचा? हा देवावरचा अविश्वास नाही का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ख्रिस्तसभेलाही तो एकेकाळी पडला होता. तेराव्या शतकात पोप नववे ग्रेगरी यांनी समुद्रावरील व्यापारासाठी दिलेल्या कर्जावर, धोका पत्करला म्हणून जादा रक्कम घेणे हे व्याजखोरीतच धरले. पुढे इटलीच्या बंदरांतून विम्याचा स्वतंत्र करार रूढ झाला. जिनोआ येथील १३४७ सालचा करार हा आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या विमा करारांपैकी एक मानला जातो. हळूहळू ईशज्ञानी मंडळींनी फरक ओळखला. गरजूला कर्ज देऊन त्याच्या अडचणीवर पैसा करणे वेगळे आणि दुसऱ्याचा धोका आपल्या खांद्यावर घेऊन त्याचा वाजवी मोबदला घेणे वेगळे.

संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी हा विवेक या सद्गुणाचाच भाग मानला आहे. त्यांनी नाकारली ती चिंता, तरतूद नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढतो, तो देवावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उलट लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस मोठी कोठारे बांधतो आणि मूर्ख ठरतो. कोठारे दोघांचीही होती. योसेफाची कोठारे दुष्काळात सर्वांसाठी उघडली. त्या श्रीमंताच्या कोठारावर त्याच्या एकट्याचे नाव होते.

मग विम्याची कोठी कोणाची? अनेकांनी थोडे थोडे घालावे आणि ज्याच्यावर आपत्ती येईल त्याला त्यातून सावरावे, हे विम्याचे मूळ तत्त्व आहे. परस्परांची ओझी वाहण्याचाच तो एक व्यवहारी प्रकार आहे. म्हणूनच दोन हजारांचे तिकीट वीस हजारांचे दाखवून भरपाई मागणारा "कंपनीचे काय जाते?" असे म्हणतो, तेव्हा तो आपल्याच शेजाऱ्याच्या ताटातले उचलत असतो. तिथे सातवी आज्ञाही मोडते आणि आठवीही.

तेव्हा विमा उतरवणे पाप नाही, असे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. पण प्रश्न तिथे संपला नाही. खरे तर तिथून सुरू झाला.

विमा नेमका कशाचा मिळतो, हे आम्ही दोघांनी मिळून पाहिले. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप यांसारख्या आपत्ती तिच्यात येतात. घराबरोबर नेहमीचे सामानही धरले जाते. पण दागिने, चित्रे, कलावस्तू अशा मौल्यवान वस्तूंसाठी आधी किंमत ठरवून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. नाणी, नोटा, हस्तलिखिते तर पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय धरलीच जात नाहीत. पूर्वीच्या आगीच्या विम्यात टपाल तिकिटांचीही तीच गत होती. चोरीची भरपाई मूळ पॉलिसीत मिळते ती फक्त पूर किंवा आगीसारख्या आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीची. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा हवा. आणि ओल, गंज, कीड, रोजची झीज यांनी हळूहळू होणारे नुकसान अशा विम्यांत सर्वसाधारणपणे बसत नाही.

हे वाचताना आम्हाला मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवला. पृथ्वीवरील संपत्तीचे प्रभूने तिथे तीन शत्रू सांगितले आहेत: कसर, जंग आणि चोर. या तिघांपैकी विमा उतरतो तो एका चोराचा. कसर आणि जंग यांचा हप्ता घ्यायला कोणी तयार नाही.

चोर बाहेरून येतो, एका रात्रीत येतो. कसर आणि जंग घरातच असतात, बंद कपाटात वाढतात. वस्तूंच्या बाबतीत हे खरे आहे, तसे मनाच्या बाबतीतही आहे.

विमा उतरवायचा तर यादी करावी लागते. प्रत्येक वस्तू, तिचे वर्णन, तिची किंमत, तिचा फोटो. हे गृहस्थ जेवणाच्या टेबलावर यादी करायला बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीने ती प्रथमच वाचली. पस्तीस वर्षांच्या संसारात घरात एवढ्या किमतीची वस्तू आहे, हे त्या माउलीला विम्याच्या यादीवरून कळले. मधल्या काळात तिने गुडघ्याचे दुखणे पैशासाठी पुढे ढकलले होते. तिचा आरोग्य विमाही कधी काढलेला नव्हता. ती रागावली नाही. "एवढं होतं होय आपल्याकडे," एवढेच म्हणाली. हे आम्हाला सांगताना त्या गृहस्थांचा आवाज कापत होता. २०१८ च्या पुराला तोंड देणारा माणूस घरातल्या कसरीपुढे हरला होता.

यादीत आणखी एक अडचण आली. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले, त्या वेळी टपाल खात्याने संत थॉमस यांचे पंधरा पैशांचे तिकीट काढले होते. ते तिकीट लावलेले एक पाकीट या संग्रहात आहे. त्यांच्या आईने ते मुंबईहून त्यांच्या वडिलांना पाठवले होते. बाजारात त्याचे फारसे काही येणार नाही. पण पुन्हा पाणी आलेच तर पहिले काय उचलाल, असे विचारल्यावर ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "आईचं पाकीट." ज्याच्या जागी तसेच दुसरे आणता येते त्याला किंमत असते आणि विमा किमतीचाच उतरतो. त्या पाकिटाच्या रकान्यात काय लिहायचे? शेवटी त्यांनी बाजारभाव लिहिला. तोच प्रामाणिकपणा होता. उरलेले मोल कंपनीकडून मागायचे नसते.

असा संग्रह आपल्यापैकी अनेकांकडे असेल. कोणाकडे नाणी, कोणाकडे जुनी घड्याळे, कोणाकडे आजीचे पारंपरिक दागिने. त्यांना आमचे सांगणे एवढेच: विमा जरूर उतरवा, पण यादी घरच्यांबरोबर बसून करा. किंमत खरी लिहा. आणि वस्तूच्या आधी माणसाची तरतूद झाली आहे ना, हे पाहा. आपण मालक म्हणून मिरवतो. देवाच्या हिशेबी आपण कारभारी आहोत आणि कारभाऱ्याला यादी दाखवावीच लागते.

त्या गृहस्थांनी नाण्यांचा एक भाग विकला. पत्नीच्या गुडघ्यावर उपचार सुरू झाले आहेत. उरलेल्या संग्रहाचा आणि घराचा विमा उतरवला आहे. आईचे पाकीट घेऊन ते गेल्या महिन्यात आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही आले होते. मुलांनी ते हातोहात पाहिले. इतक्या हातांतून पाकीट फिरले तर खराब होणार नाही का, असे आम्ही हळूच विचारले.

ते म्हणाले, "फादर, कसर लागते ती बंद ठेवलेल्या आल्बमला."