पूर्वजांची गुपिते कोणाच्या मालकीची?

आयर्लंडच्या १९११ सालच्या जनगणनेचे मूळ अर्ज आज कुणालाही घरबसल्या, पैसे न मोजता पाहता येतात. त्यात विवाहित स्त्रियांसाठी एक वेगळा प्रश्न होता: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली किती आज हयात आहेत. अर्ज भरायचा कुटुंबप्रमुखाने, आणि तो गोळा करायला यायचा पोलीस शिपाई. चुलीपाशी बसलेल्या एखाद्या बाईने दोन आकडे सांगितले असतील, नवऱ्याने ते लिहिले असतील. समजा, नऊ आणि पाच. या वजाबाकीत चार लहान कबरी आहेत.

आज बॉस्टनमध्ये किंवा सिडनीत राहणारी तिची पणती रात्री संगणकासमोर बसून ही वजाबाकी करते. घरात तिला हे कुणी सांगितलेले नसते. त्या चार मुलांची नावे कुटुंबाच्या बोलण्यात कधी आलेलीच नसतात. ती हळहळते, कदाचित रडतेही. पण एक प्रश्न उरतो. त्या बाईने हे आकडे सरकारला सांगितले होते, पणतीला नव्हे. जे तिने आपल्या मुलानातवंडांना सांगितले नाही, ते पणतीने कागद उघडून वाचावे का? हा अधिकार तिला कुणी दिला? रक्ताच्या नात्याने तो आपोआप मिळतो का?

आयरिश कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक धारदार होतो, कारण तिथे कागदच फार थोडे उरले आहेत. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्या दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक दप्तरखाने स्फोटात आणि आगीत भस्मसात झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो पॅरिशांच्या जन्म, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या गेल्या, मृत्युपत्रे गेली. पण सगळा दोष आगीवर टाकता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे अर्ज सरकारनेच काम झाल्यावर नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगद्यासाठी गेले. एकोणिसाव्या शतकातली आयर्लंडची माणसे अशी दोनदा पुसली गेली, एकदा युद्धाने आणि एकदा कारकुनी बेफिकिरीने.

मग उरले काय? उरले ते मुख्यतः कर आणि जमिनीचे कागद. प्रोटेस्टंट चर्चसाठी वसूल होणाऱ्या दशांश कराच्या वह्या, आणि रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेली जमीनमहसुलाची आकारणी. हा काळ महादुष्काळाचा आणि त्यानंतरचा. १८४१ मध्ये देशाची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक जहाजांत बसून गेली. आकारणीत जमीन कसणाऱ्याचे नाव आहे, मालकाचे आहे, क्षेत्र आहे, किंमत आहे. बायकोचे नाव नाही, मुलांची नाहीत, आणि ज्याच्याकडे खोपटेही उरले नव्हते त्याचेही नाही. ज्याच्याकडून काही वसूल होण्यासारखे होते, तेवढाच माणूस दप्तरात शिरला.

याला एक विलक्षण अपवाद आहे. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्यामुळे सत्तरीच्या माणसाकडे वयाचा पुरावा नव्हता. तेव्हा अर्जदार आपल्या आईबापांची नावे आणि आपण लहानपणी कोणत्या वाडीत राहत होतो ते लिहून द्यायचे, आणि दप्तरखान्यातला कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधून उतारा लिहायचा. पुढे मूळ जनगणना जळाली; यांतले बरेच उतारे राहिले. विद्वानांनी जपलेले ग्रंथ नव्हेत, तर पाच शिलिंगांसाठी केलेले म्हाताऱ्यांचे अर्ज आज त्या जळालेल्या घरांची दारे उघडतात.

याच पेन्शनची दुसरी बाजूही आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवून पाहिल्या तर अनेक माणसे दहा वर्षांत दहापेक्षा बरीच अधिक म्हातारी झालेली दिसतात. कुणाला खरेच आपले वय ठाऊक नव्हते. कुणी पेन्शनवर डोळा ठेवून ते वाढवले. या लबाडीला मी पाप म्हणणार नाही. ज्या सरकारने आयुष्यभर यांची नोंद फक्त वसुलीसाठी घेतली, त्याला दिलेला तो एक छोटा चकवा होता. पण यातून एक गोष्ट पक्की कळते: दप्तर म्हणजे सत्य नव्हे. ते सत्ता आणि माणूस यांच्यातले संभाषण आहे, आणि त्यात दोघेही काही लपवतात.

इथे मूळ प्रश्नाकडे परत येऊ. मृतांना खासगीपणा असतो का? कायद्याने याचे उत्तर वर्षांत दिले आहे. आयर्लंडमध्ये जनगणनेचे अर्ज शंभर वर्षे बंद राहतात. जन्माच्या नोंदी शंभर, लग्नाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी सर्वांसाठी खुल्या होतात. व्यवहारासाठी अशी रेषा लागतेच. पण लाज किंवा दुःख कॅलेंडर पाहून संपत नाही. शंभर वर्षांनी गुपित निरुपद्रवी होते असे म्हणणे म्हणजे, ज्याचे ते होते तो आता तक्रार करू शकत नाही एवढेच म्हणणे झाले. तक्रार करता न येणे ही संमती नव्हे.

मला वाटते, वर्षे मोजण्यापेक्षा दुसरा भेद करायला हवा. एक गुपित माणूस स्वतः राखतो. दुसरे त्याच्यावर लादले जाते. पहिल्यात त्याचे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात त्याचे स्वातंत्र्य हिरावलेले आहे. दोन्ही कागदावर सारखीच दिसतात, दोन्ही ठिकाणी जागा कोरीच असते. पण पहिल्याचा मान राखणे हे जसे आपले कर्तव्य, तसे दुसरे फोडणे हेही.

लादलेले गुपित कसे असते हे आयर्लंडने फार महाग किंमत देऊन पाहिले. विसाव्या शतकात अविवाहित मातांना घरापासून दूर, धार्मिक संस्थांच्या आश्रमगृहांत ठेवले जाई. तिथे जन्मलेली मुले दत्तक जात, परदेशी जात, किंवा मरत. कायदेशीर दत्तकविधान १९५३ पासून सुरू झाले, पण त्यानंतरही काही मुलांची नोंद थेट दत्तक आईबापांचे पोटचे मूल अशी करण्यात आली. २०१८ मध्ये एका दत्तक संस्थेच्या जुन्या कागदांत अशी १२६ प्रकरणे सापडली. त्यांतली बहुतेक माणसे तोवर प्रौढ, संसारी झालेली. त्यांचा जन्मदाखला खरा होता, शिक्का खरा होता, फक्त त्यातली आई खोटी होती.

गॉलवे परगण्यातल्या ट्युअम गावी असे एक आश्रमगृह १९२५ ते १९६१ चालू होते. कॅथरीन कॉरलेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक स्त्रीने तिथे मेलेल्या मुलांच्या मृत्यूचे दाखले मागवले. ते ७९६ निघाले. पण या मुलांना पुरले कुठे याचे दप्तर जवळपास काहीच नव्हते. २०१४ मध्ये ही बातमी जगभर गेली. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने त्या जागी जमिनीखालच्या बांधीव कप्प्यांत मानवी अवशेष मोठ्या प्रमाणात असल्याचे सांगितले. २०२१ मध्ये पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने माफी मागितली, आणि २०२५ च्या जुलैत उत्खनन सुरू झाले. ही ७९६ मुले कॉरलेसबाईंची कुणी लागत नव्हती. वंशावळ शोधण्याचा सर्वांत नैतिक प्रयत्न एका बाईने परक्या मुलांसाठी केला, हे मला फार बोलके वाटते. रक्ताच्या नात्याने अधिकार मिळतो की नाही याचे उत्तरही त्यात आहे. अधिकार नात्यातून नव्हे, जबाबदारी घेण्यातून येतो.

पण माझा हा भेद एका ठिकाणी अडखळतो, आणि ते मला लपवायचे नाही. सतराव्या वर्षी अशा आश्रमात बाळंत झालेली एक बाई समजा. तिच्यावर गुपित लादले गेले, यात शंका नाही. पण नंतर तिने लग्न केले, मुले वाढवली, आणि पन्नास वर्षे ते गुपित इतक्या निगुतीने सांभाळले की ते तिचेच झाले. आता दत्तक गेलेले मूल दार ठोठावते. त्याला आपला जन्म कुठे, कुणाच्या पोटी झाला हे जाणण्याचा हक्क आहे. तिलाही आपले आयुष्य पुन्हा न उसवण्याचा हक्क आहे. कुणाचे खरे?

आयर्लंडच्या २०२२ च्या कायद्याने यातून काढलेली वाट मला विचार करण्यासारखी वाटते. मुलाला जन्मदाखला आणि माहिती मिळणार. आईची इच्छा नसली तरी मिळणार. मात्र आईने भेट नको असे नोंदवले असेल, तर माहिती देण्याआधी मुलाशी बोलून तिच्या खासगीपणाची जाणीव करून दिली जाते. म्हणजे सत्यावर मुलाचा हक्क आहे, आईच्या सहवासावर नाही. सगळी दुःखे यात मिटत नाहीत. पण जाणणे आणि मागणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या, आणि मेलेल्यांच्या बाबतीतही तोच नियम उपयोगी पडतो. पणतीने जाणावे, पण जे जाणले ते जेवणाच्या टेबलावरचा चटकदार किस्सा होऊ नये.

या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश राणीच्या फौजांत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, आणि त्या आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डब्लिनमध्ये जळून तुटलेला माग कधी कधी असा मुंबई इलाख्याच्या नोंदीत पुन्हा लागतो. शिपायाचे नाव असते, पलटण असते, मुलाचे ख्रिस्ती नाव असते. आणि आई इथली असली, तर तिच्या जागी अनेकदा नाव नसते, किंवा नुसते ‘नेटिव्ह बाई’ एवढेच. आयरिश पणतू या पानावर आपला खापरपणजोबा सापडला म्हणून आनंदतो. पण त्याच पानावर त्याची खापरपणजीही आहे, आणि तिला सापडवणारे कोणतेही दप्तर नाही. तिचे नाव तिने लपवले नव्हते. ते कुणी विचारलेच नव्हते.

१९११ च्या अर्जाकडे पुन्हा वळतो. मुलांचा तो प्रश्न फक्त विवाहित स्त्रियांसाठी होता. अविवाहित आईला तो लागू नव्हता. तिच्या मुलांसाठी रकानाच नव्हता. विधवांनाही तो लागू नव्हता. तरीही बऱ्याच विधवांच्या नावापुढे उत्तर लिहिलेले आहे: किती झाली, किती राहिली. मोजणीच्या कामावरच्या माणसाने नियमाप्रमाणे त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात.

मृतांच्या बाजूने बोलताना आपण फार सहज गृहीत धरतो की त्यांना सारे झाकूनच ठेवायचे होते. या बायांना कुणी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले. ते आकडे वाचण्याचा अधिकार आपल्याला आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण कुणीतरी ते वाचावेत अशी त्यांची इच्छा नव्हती, असे मला म्हणवत नाही.