उसने हृदय

दिवाळीच्या आठवड्यात मेहकरसारख्या गावात चकलीचा सोऱ्या आपल्या घरी फार वेळ टिकत नाही. सकाळी या घरी, दुपारी त्या घरी, असा त्याचा मुक्काम हलत असतो. नेणारीला त्यात कमीपणा वाटत नाही आणि देणारी उपकाराची भाषा बोलत नाही. अट एवढीच, की काम झाले म्हणजे वस्तू घासूनपुसून परत यावी. उसनवारीची ही अट भांड्यांपुरतीच आहे, की माणसाने माणसाला दिलेल्या आधारालाही ती लागू आहे? हा प्रश्न मला एका यंत्राने घातला. ते यंत्र माणसाला काही तासांपुरते चक्क हृदय उसने देते.

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. त्याला रजा नाही, विसावा नाही. पण त्याच्या पडद्याला भोक असले किंवा झडप बिघडली, तर दुरुस्ती करायची कशी? चालत्या गाडीचे चाक बदलता येत नाही. आणि गाडी थांबवावी, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. या पेचातून हृदय-फुप्फुस यंत्र वाट काढते. हृदयाकडे येणारे काळपट रक्त नळीने यंत्रात घेतात. तेथे त्यातला कर्बवायू निघून जातो, प्राणवायू मिसळतो आणि लालबुंद झालेले रक्त महारोहिणीत परत सोडले जाते. प्रौढ माणसासाठी मिनिटाला चार-पाच लिटर रक्त असे फिरवावे लागते. नळ्यांत ते गोठू नये म्हणून हेपरीन देतात. मग पोटॅशियम मिसळलेले थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात आणि शल्यवैद्य आपले काम सुरू करतो.

या यंत्रामागे एका रात्रीची तळमळ आहे. 1931 साली बोस्टनमध्ये जॉन गिबन या तरुण डॉक्टराने फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीची धडपड रात्रभर पाहिली. तिचे रक्त काही वेळ बाहेरच शुद्ध करून परत देता आले तर, हा विचार त्याला सोडीना. त्यानंतर 22 वर्षांनी, 6 मे 1953 रोजी, फिलाडेल्फियात 18 वर्षांच्या एका मुलीचा सारा भार त्याच्या यंत्राने 26 मिनिटे वाहिला. हृदयातले भोक शिवले गेले आणि मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढच्याच वर्षी मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी तर यंत्राऐवजी माणूसच योजला. लेकराच्या शेजारी बापाला निजवून त्याच्या रक्तप्रवाहाला लेकराचा प्रवाह जोडला. एका शस्त्रक्रियेत दोन जिवांना धोका! तरीही आईबाप पुढे आले. ‘काळजाचा तुकडा’ हा आपला शब्दप्रयोग तेथे अक्षरशः खरा झाला.

आता त्या टेबलावरच्या माणसाकडे पाहा. त्याची छाती हलत नाही, हृदय धडधडत नाही. आपल्या आजीने नाडी पाहून हंबरडा फोडला असता. पण त्याला मेलेला कोणी म्हणत नाही. मग जीव राहतो कोठे? हा नुसता पंडितांचा वाद उरला नाही. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. दुसऱ्याचे हृदय घ्यायचे, तर देणारा गेला असे केव्हा म्हणायचे, याला त्या वेळी आपल्या कायद्यात उत्तर नव्हते. ते 1994 साली मिळाले. मेंदूच्या देठाचे काम कायमचे थांबले, की तो मृत्यू, असे कायद्याने मान्य केले.

शस्त्रक्रिया संपते, तेव्हा यंत्र चालवणाऱ्याची कसोटी लागते. तो यंत्र एकदम बंद करीत नाही. प्रवाह थोडाथोडा कमी करतो, हृदयावर पेलेल एवढाच भार टाकतो, वाट पाहतो आणि मग बाजूला होतो. रेंगाळूनही चालत नाही, कारण यंत्रात फिरताना रक्तातल्या पेशी झिजत असतात. आधार लांबला की तोच इजा करू लागतो.

घराघरांतून आपण नेमके येथेच चुकतो. वडील आजारी पडतात, मुलगा दुकान सांभाळतो. वडील उठून बसतात, पण गल्ल्याची किल्ली काही त्यांच्याकडे परत येत नाही. ‘तुम्ही आता आराम करा,’ असे प्रेमानेच म्हटले जाते आणि बरा झालेला माणूस खाटेवर झिजू लागतो.

पण उसनवारीला दुसरीही बाजू आहे. याच तत्त्वावरचे एक्मो यंत्र आता कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे आधार देते. मेहकरहून पेशंटला घेऊन मोठ्या शहरात गेलेले कुटुंब दवाखान्याच्या पायरीवर बसलेले असते आणि डॉक्टर विचारतात, ‘पुढे काय करायचे?’ अशा वेळी ‘आपले प्रेम किती?’ हा प्रश्न माणसाला पिळून काढतो आणि उत्तर मात्र देत नाही. त्याहून खरा प्रश्न निराळा आहे. हे हृदय ज्याला परत करायचे, तो परत घ्यायला येण्याची आशा आहे का? आशा असेल तर शेत विकूनही थांबावे. ती नाही असे डॉक्टरांनी नीट पारखून सांगितले, तर हात सोडणे ही निष्ठुरता नव्हे. तेव्हा तो आधार रुग्णाचा उरलेला नसतो. आपल्या भीतीचा असतो.

द्यावे ते परत करण्यासाठी, घ्यावे ते पुन्हा स्वतः उभे राहण्यासाठी. आमच्या आयाबायांना सोऱ्याच्या बाबतीत हे केव्हाच कळले आहे. माणसांच्या बाबतीतही ते कळले, तर पुष्कळ घरांतली खाट रिकामी होईल आणि गल्ल्यावरचा म्हातारा पुन्हा गिऱ्हाइकांशी हुज्जत घालू लागेल.