छपराला बटण असतं

पावसाला शिव्या देण्यात एक मोठं सुख आहे : तो उलट उत्तर देत नाही. ऑफिसला उशीर झाला, लग्नाची वरात भिजली, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचं पुन्हा पीठ झालं, की आपण वर बघतो, दोन शब्द बोलतो आणि मोकळे होतो. एरवी शिव्या द्यायला समोर कुणीतरी माणूस लागतो, आणि तो नेमका आपल्या ओळखीचा निघतो.

या विषयात आम्ही पवईकर अधिकारी माणसं. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला डोंगर; समुद्रावरून निघालेला ढग थकूनभागून आमच्याकडेच मुक्काम टाकतो. त्यामुळे जून संपता संपता खिडकीबाहेर मुसळधार आणि टीव्हीवर विम्बल्डन, असा आमचा दुहेरी कार्यक्रम असतो. पूर्वी पाऊस दोन्हीकडे असायचा. तिकडे चार थेंब पडले की पोरं धावत यायची, गवतावर ताडपत्री ओढायची, आणि हजारो साहेब-मडमा छत्र्या उघडून शांतपणे बसून राहायच्या. ते बघून फार बरं वाटे. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्यांचंही पावसापुढे काही चालत नाही! १९९६ साली तर पाऊस थांबेचना, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या क्लिफ रिचर्ड या गायकाच्या हाती माइक दिला. तो गायला लागला आणि मार्टिना नवरातिलोवासारख्या दिग्गज बायका त्याच्यामागे उभ्या राहून साथ करू लागल्या. त्या दिवशी कोण कुणाशी खेळणार होतं ते मला आठवत नाही. गाणं मात्र आठवतं.

२००९ साली तिथल्या सेंटर कोर्टावर सरकतं छप्पर आलं. बटण दाबलं की दहाएक मिनिटांत आकाश बंद. आपल्याला वाटतं, चला, पाऊस तेवढा गेला, बाकी खेळ तोच राहिला. पण पाऊस एकटा जात नाही, बरोबर वाराही नेतो. सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू इकडेतिकडे भरकटत नाही, ऊन डोळ्यांत जात नाही. ज्याची सर्व्हिस मुळात जोरकस, त्याची चैन होते. चेंडूचा आवाज घुमतो, टाळ्या दुप्पट वाजतात. शिवाय सुमारे पंधरा हजार माणसांच्या श्वासाचा ओलावा गवतावर बसून खेळाडू घसरू नयेत म्हणून हवा कोरडी करणारी यंत्रं चालवावी लागतात. टेनिसमध्ये ठरावीक गेमनंतर बाजू बदलतात. ऊन-वारा दोघांच्या वाट्याला सारखा यावा, हा त्यातला न्याय. आता छपराखाली ऊनही नाही आणि वाराही नाही, तरी बाजू बदलतातच. वाटणी करायला काही उरलं नाही, तरी वाटणीची पद्धत चालू आहे. आपल्याकडे काही घराण्यांत असंच असतं.

माणसांचंही तसंच बदलतं. ते बघायला लंडनला जायला नको, वरळी पुरे. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला तो २६ जुलै २०१४ ला. तारीख पुन्हा वाचा. २६ जुलै म्हटलं की मुंबईकराला २००५ चा प्रलय आठवतो, आणि त्याच तारखेला कबड्डी! मातीवरची कबड्डी म्हणजे हिवाळ्यातला खेळ. लालबाग-परळच्या मैदानात माती सारखी करायची, पाणी शिंपडायचं, अनवाणी उतरायचं, गुडघे सोलून घ्यायचे. आणि बघणारा? तो कुंपणावर बसायचा, झाडावर चढायचा, समोरच्या चाळीच्या गॅलरीतून पंचाला सल्ले द्यायचा. सगळं फुकट. छपराखाली मॅट आली, मॅटवर बूट आले, दिवे आले, खेळाडूंना चांगले पैसे मिळू लागले. हे उत्तमच झालं. सोललेल्या गुडघ्यांवर कुणाचं घर चालत नव्हतं. पण छप्पर आलं की भिंत येते, भिंत आली की दरवाजा येतो, आणि दरवाजा आला की तिकीट आलंच. झाडावरचा प्रेक्षक झाडावरच राहिला.

तरी मला खरा घोर लागला आहे तो वेगळाच. २००१ साली विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडचा टिम हेनमन गोरान इवानिसेविचच्या छातीवर बसला होता. तिसरा सेट ६-० जिंकून तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. तेवढ्यात पाऊस आला. सामना शुक्रवार, शनिवार, रविवार असा तीन दिवस रेंगाळला, इवानिसेविचला दम खायला सापडला, तो सामना जिंकला आणि सोमवारी विजेतेपदही. हेनमनला विम्बल्डनची अंतिम फेरी पुढे कधीच गाठता आली नाही. बिचाऱ्यावर अन्याय झाला का? दुर्दैव म्हणा, अन्याय म्हणवत नाही. कारण अन्याय करायला कुणीतरी लागतं, आणि तिथे कुणीच नव्हतं.

आता २०१८ चा उपांत्य सामना बघा. आधीचा सामना साडेसहा तास चालला, म्हणून जोकोविच आणि नदाल संध्याकाळी उशिरा, छप्पर बंद करून दिव्यांखाली उतरले. रात्री अकराच्या सुमारास खेळ थांबवला, तेव्हा जोकोविच एका सेटने पुढे होता. दुसऱ्या दिवशी बाहेर लख्ख ऊन! नदालला छप्पर उघडून हवं होतं. पण छपराखाली सुरू झालेला सामना उघड्यावर न्यायचा तर दोघांची संमती हवी, आणि जोकोविचला छप्परच बरं वाटत होतं. छप्पर बंद राहिलं. जोकोविच पाचवा सेट १०-८ असा जिंकला. त्याने नियम मोडला नाही; त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही उन्हाला नकोच म्हटलं असतं. पण हेनमनला आकाशाकडे बघता आलं, नदालला मात्र छपराकडे बघावं लागलं. आणि छपराला बटण असतं.

ते बटणसुद्धा सगळ्यांसाठी नसतं. विम्बल्डनच्या अठरा कोर्टांपैकी छप्पर आहे दोनांवर. तिथे नाववाली मंडळी खेळतात. बाकीचे पाऊस थांबायची वाट बघत पिशव्या सांभाळत बसतात, आणि दोन दिवसांचा खेळ मग एका दिवसात उरकतात. पूर्वी पावसात सगळेच बसायचे. पाऊस तोच आहे. कुणी बसायचं ते आता कार्यक्रमपत्रिका ठरवते.

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी गच्चीवर पत्रा घातला, आणि हे तत्त्वज्ञान चार जिने चढून घरी आलं. पहिल्याच कोजागिरीला दुधात चंद्राऐवजी ट्यूबलाइट पडली. ते सोडा. पूर्वी पाऊस आला की सगळ्यांचेच कपडे भिजत. आता कुणाचे वाळवायचे ते सेक्रेटरी ठरवतात. आणि मग जुलैत आमच्या वॉचमनने हळूच विचारलं, खाली केबिनमध्ये पाणी शिरतं, तर रात्री पत्र्याखाली झोपू का?

इतकी वर्षं तो भिजतच होता आणि आम्ही वर बघून पावसाला नावं ठेवत होतो. आमची झोप कधी मोडली नाही. आता त्याला "नाही" म्हणायचं, तर त्याला भिजवणार तो पाऊस नव्हे, आमचा ठराव. मीटिंग दीड तास चालली. गच्चीची किल्ली, पाण्याची टाकी, "आज हा, उद्या त्याचा भाऊ" हे सगळे मुद्दे आले. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर म्हणाले, "पत्रा घातलाच नसता तर हा प्रश्नच आला नसता." तेवढं एकच वाक्य त्या रात्री निखळ खरं बोललं गेलं.

शेवटी परवानगी मिळाली. ठरावात मात्र शब्द घातले : "पाऊस असेपर्यंत". पाऊस आहे की नाही हे रोज रात्री कुणी ठरवायचं, यासाठी तिघांची उपसमिती नेमली आहे. तिघांपैकी एक मी. पहिल्या रात्री आम्ही तिघं छत्र्या घेऊन खाली उतरलो, हात बाहेर काढून बघितले, आणि मतभेद झाले.

वॉचमन तोवर वर जाऊन झोपला होता.