हातातून सुटलेले

निवृत्तीनंतर माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही. मी एक जुना मेटल डिटेक्टर विकत घेतला.

मुलगी वेल्समध्ये स्वॉन्झी इथे नोकरी करते. तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. ती दिवसभर कामावर, आणि मला चालण्यापलीकडे उद्योग नाही. स्वॉन्झीचा किनारा ब्रिस्टल खाडीवर आहे. इथल्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लागली, की समुद्र इतका मागे जातो की तो रुसून निघून गेला असे वाटावे. मागे राहिलेल्या ओल्या वाळूवर कानाला हेडफोन लावून, हातातला दांडा झाडूसारखा फिरवत जाणारी माणसे मी रोज पाहत होतो. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने गुडघे कुरकुरायला लागले म्हणून आपले यंत्र विकायला काढले आणि ते मी घेतले.

जुने आणि पाण्यात चालणारे यंत्र घ्यायचे, तर आधी त्याच्या सांध्यांकडे पाहायचे, हे त्याने मला शिकवले. बॅटरीच्या झाकणाखाली रबराची एक बारीक कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. तिला चीर असेल किंवा तिच्यावर वाळूचा एक कण असेल, तर आत पाणी शिरलेच म्हणून समजा. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पूड दिसली, तर पाणी पूर्वी एकदा शिरून गेले आहे. कडीला सिलिकॉनचे ग्रीस अगदी बोटभर लावायचे, आणि समुद्रावरून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवायचे. त्याने माझ्यासमोर कॉइल बादलीत बुडवली, पाण्याखालून स्वतःच्या लग्नाची अंगठी फिरवली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. टुंग असा गोल, स्वच्छ आवाज आला. म्हणाला, "हा आवाज लक्षात ठेवा. मात्र बियरच्या डब्याची कडीही अशीच वाजते."

हे शेवटचे वाक्य मला पुढच्या आठवड्यात समजले. यंत्रावर एक बटण होते. त्यावर 'डिस्क्रिमिनेशन' असे लिहिलेले. ते फिरवत नेले की यंत्र आधी लोखंडाबद्दल गप्प होते, मग चांदीच्या कागदाबद्दल, मग डब्याच्या कड्यांबद्दल. नवशिक्याला मोह होतो की बटण पुरते फिरवावे आणि कचऱ्याची कटकट मिटवावी. अडचण अशी की सोन्याच्या बारीक अंगठीचा संकेत ॲल्युमिनियमच्या संकेताच्या जवळपासच असतो. कचरा नको म्हणालात तर सोनेही गेले. मराठीत त्या शब्दाला दोन प्रतिशब्द आहेत, विवेक आणि भेदभाव, आणि त्या बटणावर दोन्ही बसतात. मी ते जवळजवळ शून्यावर ठेवले. संवेदनशीलता थोडी उतरवली, कारण खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि यंत्राला उगाच बोलायला लावते. कॉइल वाळूला समांतर, सावकाश, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर थोडी चढवून. खणलेला खड्डा लगेच बुजवायचा, निघालेला कचरा खिशात. पहिल्या महिन्यात मला शिशाची गळाची वजने, असंख्य कड्या आणि गंजलेले पेनी मिळाले. 1992 पासून ब्रिटनचा पेनी पोलादाचा झाला आहे, वर फक्त तांब्याचा मुलामा. समुद्र तो मुलामा फार दिवस ठेवत नाही.

मग एका सकाळी, गुडघाभर पाण्यात, तो आवाज आला. चाळणीच्या फावड्यात शिंपले, खडे, आणि एक सोन्याची अंगठी. आतल्या बाजूला दोन नावे आणि एक तारीख.

मी आयुष्यभर बँकेत होतो. शेवटची नऊ वर्षे स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे असायची. दुसऱ्याचे सोने हाताळून त्याची काहीच न वाटण्याची सवय या नोकरीत लागते. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव आपल्याकडे 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते, पण ठेवीदार किंवा त्याचा वारस नंतर कधीही आला तरी त्याचा हक्क बुडत नाही. हा नियम मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे. विसरणे म्हणजे देणे नव्हे, असे तो सांगतो.

तेव्हा ही अंगठी माझी नाही, इतके मला लगेच कळले. कायदाही तेच म्हणतो. आपल्या 1872 च्या करार कायद्यात एक छोटे कलम आहे, एकाहत्तरावे. हरवलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. इंग्लंड-वेल्समधला 1968 चा चोरीचा कायदा म्हणतो, की वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही असे ज्याला खरोखर वाटते, त्याने वस्तू ठेवून घेणे अप्रामाणिक नाही. म्हणजे आधी प्रयत्न आले.

लहानपणी आजी राका कुंभाराची गोष्ट सांगायची. वाटेत सोने पडलेले दिसले, तेव्हा बायकोला मोह होऊ नये म्हणून राकाने त्यावर माती लोटली. मागून आलेली बायको म्हणाली, मातीवर माती कशाला घालता? गोष्ट ऐकून आम्ही मुले थक्क व्हायचो. पण हातात अंगठी घेऊन त्या पाण्यात उभा असताना मला प्रथमच जाणवले, की ते सोने कोणाचे पडले होते हे त्या गोष्टीत कोणीच विचारत नाही. गोष्टीत ते देवानेच ठेवलेले असते, म्हणून चालून जाते. एरवी सोने मातीसमान मानून पुढे निघून जाणारा निःस्पृह माणूस स्वतःचे मन तेवढे राखतो. ज्याचे हरवले आहे, त्याच्यासाठी तो काही करत नाही. सापडलेल्या वस्तूला आपला मोह नको असतो, हे खरे. पण तिला आपला वैराग्यभावही उपयोगाचा नसतो. तिला आपला थोडा वेळ हवा असतो.

मी किनाऱ्याजवळच्या वाचनालयात आणि एका चहाच्या दुकानात चिठ्ठी लावली. अंगठी सापडली आहे, आत काय कोरले आहे ते सांगा आणि घेऊन जा. नावे लिहिली नाहीत, तारीख लिहिली नाही. मनातल्या मनात मी तो प्रसंग रंगवूनही ठेवला होता. कोणी रडेल, कोणी हात हातात घेईल.

अकराव्या दिवशी फोन आला. साठीच्या एक बाई चहाच्या दुकानात भेटायला आल्या. दोन्ही नावे, तारीख, सगळे अचूक सांगितले. मी अंगठी टेबलावर ठेवली. त्यांनी कोटाच्या खिशातला हात बाहेर काढला नाही.

"हरवली नव्हती," त्या म्हणाल्या. "मी टाकली होती."

मला काय बोलावे सुचेना. माफ करा, म्हणालो. "तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी काढून टाका, एवढंच सांगायला आले. आणि त्या अंगठीचं काय हवं ते करा. फक्त ती पुन्हा माझ्यापर्यंत येऊ देऊ नका." चहा न घेता त्या गेल्या.

यंत्र सोने आणि ॲल्युमिनियम यांत गोंधळते, ते मी समजू शकत होतो. पण मीही गोंधळलो होतो, आणि माझ्या गोंधळाला बटण नव्हते. वस्तू काय आहे, हा प्रश्न मी विचारला. वस्तू कोणाची आहे, हाही विचारला. ती हातातून कशी सुटली, हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. हरवलेली, लपवलेली, टाकलेली आणि वाहिलेली अशा चार वस्तू वाळूत शेजारी शेजारी पडल्या, तर चारही सारख्याच वाजतील. हरवलेली परत करायची. लपवलेल्या धनासाठी आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला कळवायचा. इंग्लंड-वेल्समध्ये 300 वर्षांपेक्षा जुने सोनेचांदी सापडले, तर 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचे, ज्याचे एरवीचे काम संशयास्पद मृत्यूंची चौकशी हे असते. टाकलेल्या वस्तूवर मात्र टाकणाऱ्याचा हक्क उरत नाही. मग काहीच उरत नाही का?

मुलगी म्हणाली, "बाबा, आता ती कायद्याने तुमचीच. विका आणि पैसे कुठेतरी द्या."

मी म्हणालो, मी ती होती तिथे समुद्रात टाकून येतो. त्या बाईंनी एक गोष्ट संपवली होती, ती मी उकरून काढली. आता पूर्ववत करणे एवढेच माझ्या हाती आहे.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी तुमच्यासारखाच एखादा प्रामाणिक माणूस ती शोधून काढेल, चिठ्ठी लावेल आणि त्यांना फोन करायला लावेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर रात्री आले, आणि ते नाशिकहून आले.

1991 साली आईच्या अस्थी घेऊन मी रामकुंडावर गेलो होतो. तिच्या तोंडात गुंजभर सोने ठेवले होते, ते त्या राखेत कुठेतरी असणार. आम्ही अस्थी सोडल्या आणि खालच्या अंगाला एक माणूस घमेल्यात गाळ घेऊन तो हळूहळू धुताना दिसला. झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर आणि घाटावरचा गाळ धुऊन त्यातले सोने काढणारा. मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो उलटून काही बोलला नाही. घमेले उचलून आणखी दहा पावले खाली गेला, एवढेच. माझ्या आईचे तो चोरतो आहे, असे मला वाटले होते. पण आईचे ते आता नव्हते, आणि माझेही नव्हते. आम्ही ते वाहिले होते. अग्नीने त्याचा आकार मोडला होता, त्यावर कोणाचे नाव नव्हते. त्या माणसाला सापडत होते ते फक्त सोने. त्याच्या मुलांच्या पोटात जाण्यावाचून त्या सोन्याला दुसरी चांगली गती कुठली असू शकली असती? तीस-बत्तीस वर्षांनी, परक्या देशातल्या एका खोलीत, त्या माणसापुढे मान खाली घालावीशी वाटली. तो भेटणार नाही, हे ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी अंगठी एका सोनाराकडे नेली आणि माझ्यासमोर वितळवायला लावली. त्याला आतली अक्षरे दिसली. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. जो गोळा झाला तो त्यानेच विकत घेतला. आलेले पैसे बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोट संस्थेच्या पेटीत टाकले, ही सूचना मुलीची. हे फार मोठे काही केले असे मला वाटत नाही. त्या बाईंचा एक अर्धा तास मी फुकट दुखवला, तो परत देता आला नाही.

भारतात परतण्यापूर्वी यंत्र विकले. घ्यायला कॉलेजातला एक मुलगा आला होता. त्याला ओ-रिंग दाखवली, ग्रीसची डबी दिली, बादलीत कॉइल बुडवून माझी अंगठी पाण्याखालून फिरवली. बटण शून्याजवळ ठेव, म्हणालो. त्याने विचारले, "आतल्या बाजूला नाव असलेली अंगठी मिळाली तर काय करायचं?"

मालक शोध, मी म्हणालो. आणि मालक सापडला की अंगठी लगेच पुढे करू नकोस. आधी विचार, ती हवी आहे का.