डावं-उजवं

भेदभाव करण्याला आपण मराठीत ‘डावं-उजवं करणं’ म्हणतो. सहज उरकणारं काम ‘डाव्या हातचा मळ’ असतं, कुणाला बाजूला सारलं की तो ‘डावलला’ जातो. मी डावखुरी आहे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. त्यामुळे हे शब्द मला रोज हाताला लागतात.

कसे, ते सांगते. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. त्या हाताच्या अंगठ्याचा दाब दोन्ही पाती एकमेकींवर घट्ट बसवतो. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो आणि टाक्याचा धागा तुटण्याऐवजी मध्येच दुमडतो. नीडल होल्डरचं लॉक उजव्या अंगठ्याने हलकं ढकललं की सुटतं, डाव्याला उलटा जोर लावावा लागतो. आणि सुई! उजव्या हाताने टाके घालणाऱ्या सर्जनला तिचं टोक डावीकडे वळलेलं लागतं. माझ्या हाताला सहज सुचते ती बरोबर आरशातली, उलटी. दर वेळी ती फिरवून लावायची.

दर दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं. मग नऊजणांसाठी एकाने जुळवून घ्यायचं, हा न्याय म्हणायचा की नुसती बहुमताची सवय?

टेबलावर पेशंट असतो तेव्हा मला याचं उत्तर स्पष्ट दिसतं. पोट उघडलेलं असतं आणि सर्जनची नजर जखमेवरून हलू शकत नसते. त्यांनी तळहात पुढे केला की न बघता वापरता येईल असंच इन्स्ट्रुमेंट त्यात पडायला हवं. तेव्हा मी सर्जनपुढे वाकत नसते. भूल दिलेल्या एका माणसाने आपला जीव आमच्यावर सोपवलेला असतो, त्याच्यासाठी आम्ही सगळेच वाकतो. मॉप आणि सुयांची मोजणी जुळली नाही, तर मोठ्यातला मोठा डॉक्टरही थांबतो. तिथे एकट्या मीच माझ्या हातासाठी हट्ट धरणं मला पटत नाही.

पण एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. वरिष्ठ सर्जन डावखुरे असले की थिएटर मुकाट्याने फिरतं. ट्रॉलीची बाजू बदलते, असिस्टंट पलीकडे उभा राहतो, सुई उलटी लावली जाते. कुणी कुरकुरत नाही. शिकाऊ डॉक्टर डावखुरा निघाला, तर मात्र त्याला सांगितलं जातं, “उजव्यानेच शिका, पुढे सोपं जाईल.” हात दोघांचा डावाच. फरक हुद्द्याचा. म्हणजे जुळवून कोणी घ्यायचं, हे दर वेळी पेशंट बघून ठरत नाही.

म्हणून मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारायला लागले: माझ्या या जुळवून घेण्यातून टेबलावरच्या माणसाला काही मिळतंय का? सुई फिरवून लावण्यातून मिळतं, सर्जनचे सेकंद वाचतात. उजव्या हाताची कात्री मी डाव्या हाताने रेटण्यातून काहीच मिळत नाही. डाव्या हाताच्या कात्र्या बनतात, विकतही मिळतात. ट्रॉलीवर एक ठेवली तर कुणाचं काही अडणार नाही, उलट धागा स्वच्छ कापला जाईल. इथे मी जुळवून घेते ते फक्त आजवर कुणी विचारलं नाही म्हणून.

आणि हे न विचारणं पुढच्या पिढीवर चढतं. आमच्या कामात “आम्ही निभावलं, तुम्हीही निभवा” हे वाक्य फार ऐकू येतं. सोसलेल्याचा अभिमान वाटावा, त्यात गैर काही नाही. पण तो शिकवायला बसला की आपला त्रास हाच अभ्यासक्रम होऊन जातो.

गेल्या वर्षी एक डावखुरी विद्यार्थिनी आमच्याकडे पोस्टिंगला आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, “सिस्टर, मी हात बदलू का?”

मी म्हटलं, “नको. सुई त्यांच्या हाताची लाव. कात्री तुझ्या हाताची मागू.”

त्या महिन्याच्या इंडेंटमध्ये मी डाव्या हाताच्या दोन कात्र्या लिहिल्या. मंजुरी अजून आलेली नाही. इंडेंट दर महिन्याला जातो, आणि त्या दोन कात्र्या त्यात असतात.